रजेचे महिने आणि माझं वय

गेल्या रमजानच्या आधी शेजारची एक मुलगी आमच्या मागच्या पडवीत येऊन बसली. आधी नारळाचा भाव विचारला, मग माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि चहा अर्धा झाल्यावर मुद्द्यावर आली.

"खाला, तुम्ही सगळं करून बघितलंत. मला एवढंच सांगा, आययूआय बरं की आयव्हीएफ?"

"तुझं वय काय?" मी विचारलं.

"मी ट्रीटमेंटचं विचारतेय."

"मीही तेच विचारतेय."

"एकतीस."

"आणि लग्नाला किती झाली?"

ती हसली. "दोन रजा."

मी तिला पुन्हा चहा ओतला, कारण दोन रजा या उत्तरानंतर बोलायला वेळ लागणार होता. तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. मुरुडला नारळाच्या वाडीत आमचं चार खोल्यांचं लॉज आहे, त्याचा हिशोब मी बघते. बी. कॉम. झाले आहे आणि लग्नाआधी अलिबागला एका पतपेढीत नोकरी केली आहे. त्यामुळे कुणी आकडा सांगितला की तो कशाला भागून आला हे विचारायची मला सवय आहे. ही सवय मला उपयोगी पडली, पण जिथे पडायला हवी होती तिथे पडली नाही.

आमच्याकडे अर्ध्या घरांतले पुरुष आखातात असतात. माझा नवरा दुबईत एका गोदामात आहे. तेव्हा कंपनी दोन वर्षांनी एकदा, दोन महिन्यांची रजा द्यायची. निकाह रजेत, बारसं रजेत, घराची कौलं बदलायची तीही रजेत. बायका लग्नाचं वय वर्षांत सांगत नाहीत. "हिच्या चार रजा झाल्या," असं म्हणतात, आणि ऐकणारीला सगळं समजतं. मूल झालं की म्हाताऱ्या बोटांवर मोजतात आणि म्हणतात, "ईदच्या रजेचं." यात वाईट काही नसतं. आमचं कॅलेंडरच तसं आहे.

माझं लग्न अठ्ठाविसाव्या वर्षी झालं. आमच्यात ते उशिराच. तिसऱ्या रजेतही काही झालं नाही, तेव्हा सासूबाई मला तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. बाई चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या.

"किती वर्षं झाली लग्नाला?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तीनच रजा झाल्यात, डॉक्टरीन. पोरगा दुबईला हाय."

डॉक्टरबाईंनी रजा किती दिवसांची ते विचारलं आणि मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे एकूण सहा महिने. अहो, जोडपं वर्षभर सलग एकत्र राहिलं आणि तरी दिवस राहिले नाहीत, तर आम्ही तपासण्या सुरू करतो. तुमचं तर जेमतेम अर्धं वर्ष झालंय. टेन्शन घेऊ नका. नवऱ्याला लांब रजा घ्यायला सांगा."

सासूबाईंचा चेहरा उजळला. येताना त्यांनी बाजारात थांबून मला बांगड्या घेतल्या.

मीही खूश होते. घरी येऊन मी तर आणखी वजाबाकी केली. रजा नेहमी एप्रिल-मेमध्ये यायची, कारण वाडीतली सगळी लग्नं तेव्हाच असतात. मेमध्ये लॉज भरलेलं, वर लग्नाचे पाहुणे. मग आमची खोली कुणाला तरी द्यावी लागायची. मी सासूबाईंजवळ आत, आणि नवरा अंगणात खाटेवर. त्या रात्री वजा केल्या तर सहा महिन्यांचेही फार थोडे आठवडे उरत होते. मी फोनवर नवऱ्याला सांगितलं, "आपला तर अजून नीट प्रयत्नच झालेला नाही." तो मोठ्याने हसला. म्हणाला, "मग पुढच्या रजेत पाहुण्यांआधी पहिली चादर आपल्या खोलीला."

हिशोब चोख होता. फक्त तो नवऱ्याच्या दिवसांचा होता. तो दुबईत असताना मी काही थांबलेली नव्हते. माझे वर्षाचे बारा महिने बाराच होते. केसपेपरवर माझं वय लिहिलेलं होतं, बत्तीस, आणि त्या खोलीतल्या आम्ही तिघी शिकलेल्या-न शिकलेल्या बायकांपैकी एकीचीही नजर त्यावर थांबली नाही.

पुढची चार वर्षं अशीच गेली, त्यांत आणखी एक रजा झाली आणि पुढची तोंडावर आली. मला हलवलं ते माझ्या नणंदेने. ती नवऱ्यापेक्षा मोठी, विधवा, आमच्याच घरात असते. सगळे तिला आपा म्हणतात. लॉजच्या चादरी तीच बघते आणि सगळ्यांची तोंडंही तीच बंद करते. एकदा सासूबाई कुणाला तरी "सगळे मिळून आठच महिने" असं सांगत होत्या, तेव्हा आपा हातातली बादली आपटून म्हणाली, "आठ महिने, आठ महिने! ही काय लॉजची खोली हाय, माणूस राहिला तेवढ्याच रात्री धरायच्या? छत्तीसची झाली ती. चल गो, उद्या पनवेल."

पनवेलच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, सोनोग्राफी केली, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते बघितलं. नवऱ्याचा रिपोर्ट रजेत काढला. तो ठीकठाक होता. माझ्या नळ्या मोकळ्या होत्या. पण एएमएच नावाची एक तपासणी असते, तिच्यावरून बीजांचा किती साठा उरला आहे याचा अंदाज येतो. डॉक्टर कागद माझ्याकडे वळवून म्हणाले, "तुमच्या वयाच्या मानाने हा बराच कमी आहे. काही जणींचा लवकर संपत जातो. चारेक वर्षांपूर्वी तपासलं होतं का कधी?"

मी नाही म्हटलं.

आता पर्याय समजून घ्यायचे होते. ज्या जोडप्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी मला कळलं तसं सांगते. पहिला, गोळ्या किंवा सौम्य इंजेक्शनं घेऊन बीज तयार करायचं, सोनोग्राफीवर ते बघायचं आणि नवरा-बायकोने ठरलेल्या दिवशी एकत्र यायचं. दुसरा आययूआय. त्यात नवऱ्याचं वीर्य स्वच्छ करून बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. बाकी सगळं शरीराने स्वतः करायचं. तिसरा आयव्हीएफ. त्यात रोज इंजेक्शनं घेऊन एकापेक्षा जास्त बीजं वाढवतात, भूल देऊन ती बाहेर काढतात, प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला गर्भ आत ठेवतात. पुरुषाचे शुक्राणू कमी असतील तर एकेक शुक्राणू सुईने बीजात घालतात. आययूआय हलकं, स्वस्त आणि अंगाला सोसणारं. आयव्हीएफ जड आणि महाग, पण त्यात काय बिघडतंय ते निदान दिसतं.

पनवेलचे डॉक्टर म्हणाले, आधी दोन-तीन आययूआय करू. मुंबईच्या एका डॉक्टरबाईंना रिपोर्ट पाठवले, त्या म्हणाल्या, तुमच्या साठ्यावर मी वाट बघणार नाही, सरळ आयव्हीएफ करा. दोघंही प्रामाणिक होते. एकाच कागदावरून दोन प्रामाणिक माणसं दोन गोष्टी सांगत होती.

आम्ही आययूआय निवडलं. आयव्हीएफ म्हटलं की सासूबाईंना वाटायचं की मूल बाटलीत वाढतं. पण खरं कारण ते नव्हतं. आययूआय रजेत बसत होतं.

म्हणजे, बसेल असं वाटलं होतं. दोन महिन्यांत पाळीच्या हिशोबाने फार तर दोन प्रयत्न. त्यातली एक पाळी नवरा उतरला त्याच्या आदल्या दिवशी आली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोळ्या सुरू करायच्या तेव्हा क्लिनिकला सुट्टी. आपा म्हणाली, "एअर इंडियाला सांगून विमान बदलता येईल, हिच्या पाळीला सांगून काय व्हायचं न्हाय." त्या रजेत एकच आययूआय झालं. राहिलं नाही.

तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी एक साधा उपाय सुचवला. नवऱ्याने जाण्याआधी वीर्याचा नमुना ठेवून जायचा. तो गोठवून ठेवता येतो. मग तो दुबईत असला तरी दर महिन्याला प्रयत्न करता येईल. मला आठवतं, हे ऐकून माझ्या छातीतलं ओझं उतरलं. इतकी वर्षं जे महिने वाया जात होते ते सगळे परत हातात येणार होते. नवऱ्याने तिकडच्या त्याच्या मशिदीतल्या इमामांना विचारलं. ते म्हणाले, निकाह कायम आहे, दोघं हयात आहात, तुमचं तुमच्याच बायकोला, यात काय हरकत. म्हणजे धर्माचीही अडचण नव्हती.

अडचण सासूबाईंची होती. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं.

"आणि राहिलं तर?"

"राहावं म्हणूनच तर करायचं, अम्मी."

"तू जूनला जाणार. हिला राहिलं डिसेंबरला. गाव काय आंधळा हाय? गाव रजा मोजतं. नवरा दुबईला आणि हिचं पोट कुठून आलं, ते मी घरोघर सांगत फिरू?"

आपा म्हणाली, "मी सांगेन. म्हणेन, पार्सल आलं होतं."

"तू गप!" सासूबाई ओरडल्या. मग रडायलाच लागल्या. "पोराला शाळेत कुणी काय बोललं तर? त्याला काय सांगशील, फ्रिजमधला हायस म्हणून?"

नवरा खाली बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, हा म्हणेल की बोलू देत गाव. त्याला वाटत होतं की मी म्हणेन. आमच्या घरात मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की बोलणं तिथेच थांबतं. नवरा नमुना न ठेवता गेला.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जे मूल होतं ते माझ्या डोळ्यांसमोरच्या मुलापेक्षा मोठं होतं, शाळेत जाणारं. त्याला कुणी बोलू नये म्हणून त्या रडल्या. ते मूल आलंच नाही.

पुढे नवऱ्याने स्वतःच्या तिकिटाने दरवर्षी यायला सुरुवात केली. आणखी दोन आययूआय झाली. दोन्ही फुकट गेली. मी अडतीसची झाले आणि आम्ही मुंबईच्या त्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

तिथे आधी एका समुपदेशक मुलीने आम्हाला बसवलं आणि छापील पत्रकावरचा यशाचा आकडा दाखवला. चांगला मोठा होता.

"शंभरातले इतके, पण कुठल्या शंभरातले?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"ज्यांनी इंजेक्शनं सुरू केली त्या शंभर, की ज्यांच्या पोटात गर्भ ठेवेपर्यंत पोचलात त्या शंभर? आणि यश म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली ते, की मूल घरी गेलं ते? आणि त्या शंभरात माझ्या वयाच्या किती?"

ती गोंधळली. "मॅडम, तुम्ही टीचर आहात का?"

"नाही. लॉज चालवते. मीही लोकांना सांगते की आमचं लॉज फुल असतं. शनिवारी असतं. जूनच्या मंगळवारी येऊन बघा."

नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. पण आत डॉक्टरबाईंना हे कळलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांनी पत्रक बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर माझ्यासाठी दोन आकडे लिहिले. पहिला, माझं वय आणि माझा साठा धरून, माझ्या बीजांनी एकदा प्रयत्न केला तर मूल घरी येण्याचा. दुसरा, दात्या स्त्रीचं बीज घेतलं तर त्याचा. ते आकडे मी इथे देत नाही. ते माझ्या रिपोर्टचे होते, दुसऱ्या कुणीही त्यावरून आपलं भविष्य वाचू नये. एवढंच सांगते की पहिला फार लहान होता आणि दुसरा त्याच्या कितीतरी पट होता.

परत येताना आम्ही लाँचने मांडव्याला आलो. वरच्या डेकवर बसलो होतो. अर्ध्या वाटेवर नवरा म्हणाला, "तो दुसरा आकडा बघितलास?"

"बघितला."

"आपल्यात ते चालत नाही."

"माहीत आहे."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मी विचारणार होतो कुणाला तरी. मोठ्या आलिमला. मग म्हटलं, विचारलं तर उत्तर मिळेल."

पतपेढीत असते तर मी कुणालाही सांगितलं असतं की एवढा फरक असेल तर दुसरा रकाना घ्या. पण ज्या रकान्यात हात घालता येत नाही तो धरून तुलना करण्यात अर्थ नव्हता. इतरांना घालता येत असेल, त्यांनी घालावा. मला विचाराल तर मूल त्याचं आणि माझं, दोघांचं हवं होतं, हेही खरं होतं, आणि त्याला धर्माचा मसला विचारावा लागत नाही.

त्या रजेत इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही मुंबईत एक खोली घेतली. आपा बरोबर आली. इंजेक्शनं तीच टोचायची, नर्सकडून एकदा बघून शिकली आणि रोज टोचताना म्हणायची, "अम्मीला सांगू नकोस, माझा हात कापतो." तिचा हात कापत नव्हता.

चार बीजं निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला की चारपैकी तीन पक्व होती, त्यातली दोन फलित झाली. तिसऱ्या दिवशी दोन्ही वाढत होती. पाचव्या दिवशी एक थांबलं होतं, एक उरलं होतं. लॉजचे आकडे वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. रोज फक्त वजाबाकी असलेला हिशोब मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. तरी एक म्हणजे एक होतं. त्या सकाळी आम्ही तिघांनी खाली हॉटेलात जाऊन पाव आणि खिमा खाल्ला आणि आपाने वेटरला कारण नसताना दुआ दिली.

गर्भ आत ठेवला तेव्हा डॉक्टरबाईंनी पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला. बाहेर आले तर नवरा दाराशी माझ्या चपला हातात धरून उभा होता. चपला बाहेर काढायच्या असतात, आणि त्या कुणी बदलून नेतील अशी त्याला भीती वाटली होती. "एवढं सगळं केल्यावर अनवाणी नको जायला," तो म्हणाला.

तपासणीच्या आधीच त्याची रजा संपली. निघताना म्हणाला, "काही झालं तर लगेच फोन कर." मग दारातून परत आला. "म्हणजे चांगलं झालं तर."

मुरुडला सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की नेहमीसारखं वागा, पडून राहण्याची गरज नाही. मी ते दोनदा सांगितलं. "डॉक्टरीन मुंबईची हाय," त्या म्हणाल्या, "तिला आमच्या विहिरीचा रहाट ठाऊक न्हाय." त्या फार आनंदात होत्या. शेजारणींना अजून काही सांगितलेलं नव्हतं, पण एका संध्याकाळी मी त्यांना मागच्या दारी बोटं मोजताना बघितलं. मला बघून लाजल्या. म्हणाल्या, "बरोबर बसतं गो. रजेतलंच येईल."

रक्त अलिबागच्या प्रयोगशाळेत दिलं. आपा आणि मी तिथेच बाकावर बसून राहिलो. दुपारी खिडकीतून रिपोर्ट मिळाला. मी नाव तपासलं, वय तपासलं, मग आकडा बघितला. शून्य लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, दोनपेक्षा कमी.

मी पुन्हा खिडकीशी गेले.

"दोनपेक्षा कमी, म्हणजे किती?"

आतला तंत्रज्ञ तरुण होता. "मशीन दोनच्या खालचं मोजत नाही, ताई."

"म्हणजे दीड असू शकतं?"

"मशीन मोजत नाही ते."

"एक पॉइंट नऊ असेल तरी तसंच लिहाल ना तुम्ही?"

त्याने हातातलं काम ठेवलं. "ताई, प्रेग्नन्सी असेल तर खूप जास्त येतं. हे म्हणजे नाहीच."

"पण शून्य नाही."

"लॅब शून्य लिहीत नाही, ताई. कुणालाच लिहीत नाही. माझी टेस्ट केली तरी हेच येईल."

आपाने मागून माझा दंड धरला. तिने एकही शब्द काढला नाही, आणि ती गप्प आहे हे जाणवलं तेव्हा मला कळलं.

एसटी स्टँडवर उभी राहून मी नवऱ्याला फोन लावला. तो गोदामात होता, मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. मी म्हटलं, "रिपोर्ट आला. दोनपेक्षा कमी."

तो म्हणाला, "कमी म्हणजे किती?"

त्याचं उत्तर मला द्यावं लागलं. फोर्कलिफ्टचा आवाज थांबला, बहुतेक तो बाहेर गेला असावा. "तू बसलीयस का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. उभीच होते.

सासूबाईंना आपाने सांगितलं. त्या दिवशी त्यांनी सब्र कर म्हटलं नाही, जे आजवर प्रत्येक वेळी म्हटलं होतं. माझ्या खोलीत आल्या, माझ्या डोक्याला तेल लावत बसल्या. मध्येच त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "तेव्हा तो नमुना..." आणि वाक्य सोडून दिलं. मी मागे वळून बघितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत नव्हती, आणि मी बघावं असं त्यांनाही नको होतं. थोड्या वेळाने हात पुन्हा चालू झाले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून एकदा करता येईल, पण पुढचा आकडा याहून लहान असेल. त्यांनी तो लिहून दिला. नवरा फोनवर म्हणाला, करू. महिनाभर तो रोज करू म्हणत होता आणि मी रोज बघू म्हणत होते. एकदा मी म्हटलं, "मला आता बीजं मोजायची नाहीत." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आपाने एकदा एखादं पोर आणून वाढवण्याचं सुचवलं. सवाबाचं, पुण्याचं काम आहे, आणि आमच्यात त्या पोराला स्वतःच्या बापाचं नाव राहतं, तेही मला मान्य आहे. पण तेव्हा कुणाच्याही मुलाकडे मी जे हरवलं होतं ते मागितलं असतं, आणि ते त्या मुलावर अन्याय झालं असतं. नको म्हटलं.

शेजारच्या मुलीला मी शेवटी सांगितलं की आययूआय की आयव्हीएफ हा दुसरा प्रश्न आहे. आधी तुझी एएमएच कर, त्याची तपासणी कर, डॉक्टरांना रजा सांगू नकोस, वय सांग. आणि त्याला जाण्याआधी नमुना ठेवायला लाव. ती दचकली. "लोक काय म्हणतील, खाला?" मी म्हटलं, माझ्याकडे पाठव.

नवरा त्यानंतर पहिल्यांदा आला तो डिसेंबरात. लग्नाचा मोसम नव्हता, ईद नव्हती. लॉजमध्ये पुण्याचं एक कुटुंब होतं, बाकी खोल्या रिकाम्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तो अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसला होता. बूटसुद्धा घातले होते. कितीतरी रजांत तो असाच तयार होऊन बसायचा, मी आवरलं की आम्ही पनवेलची किंवा अलिबागची पहिली गाडी पकडायचो.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

त्याने बुटांकडे बघितलं. "कुठे नाही," तो म्हणाला. "उठलो आणि घातले."

मी त्याच्याशेजारी बसले. दोन महिने होते आणि कुठेही जायचं नव्हतं. खिडकीतून वाडीतला झावळ्या ओढल्याचा आवाज येत होता, आपा कुणावर तरी खेकसत होती.

"मला तुमचं मूल हवं होतं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. आम्ही नेहमी रिपोर्ट, तारखा आणि गाड्यांबद्दल बोललो होतो.

त्याने मान हलवली. वाकून एका बुटाची नाडी सोडली आणि तसाच वाकून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती. पुण्याच्या पाहुण्यांनी बाहेरून चहाची हाक दिली. आपा त्यांना म्हणाली, "जरा थांबा हां, देते मी," आणि आमचं दार बाहेरून लोटून घेतलं.